पोतनीसकाकांचे सात बिल्ले

आमच्या शेजारच्या पोतनीसकाकांना किती वाजले असं विचारलं, की ते वेळ सांगत नाहीत. तुम्हांला उशीर किती झालाय ते सांगतात. त्यात त्यांचा दोष नाही, नोकरीचा आहे. चिंतामणी पोतनीस अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर आहेत, आणि भोंगा झाल्यावर फाटकातून आत शिरणाऱ्या माणसाकडे ते ज्या नजरेनं बघतात, त्या नजरेनं आमच्या वाडीतली कुत्रीसुद्धा वेळेवर जेवायला येतात.

त्यांचं सगळं राज्य एका लाकडी फळीवर चालतं. फळीला नंबर घातलेले खिळे. प्रत्येक कामगाराला त्याच्या नंबरचा एक पितळी बिल्ला. सकाळी आलात की पेटीतून आपला बिल्ला उचलायचा आणि आपल्या खिळ्याला अडकवायचा. साडेसातला ज्याचा खिळा रिकामा, तो गैरहजर. आता एखाद्याला विठ्ठलवाडीहून चालत यायला दहा मिनिटं जास्त लागतात. अशा वेळी त्याचा दोस्त आपल्या बिल्ल्याबरोबर त्याचाही अडकवून टाकतो. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट जो असं करत नाही त्याला लोक माणूसघाणा म्हणतात. काकांना मात्र हे कळलं की त्यांचं जेवण कडू होतं.

"बिल्ला हजर, माणूस गैरहजर," काका मला म्हणायचे. "याला कारखाना चोरी म्हणतो, मधू. चोरी कसली. चोर निदान स्वतः हजर असतो."

अशा माणसानं फटफटी घेतली, हीच मुळात बातमी होती.

लढाई संपल्यावर कॅम्पातले गोरे शिपाई गेले आणि त्यांच्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. सरकारनं कॅम्पाचं नाव उल्हासनगर ठेवलं, पण तोंडात कॅम्पच राहिलं. शिपाई जाताना माणसं घेऊन गेले आणि सामान टाकून गेले. त्या डिस्पोजलच्या सामानातल्या फटफट्या तीन नंबरच्या कॅम्पात होतचंद नावाच्या सिंध्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आडव्या पडलेल्या असायच्या. एकीचं चाक दुसरीला, दुसरीची टाकी तिसरीला, असं करून होतचंद त्यांना उभं करायचा. काकांना त्यानं सांगितलं, "साईं, इंजन अंग्रेज का है, कसम से. बाकी सब मेरा है." काकांना हा प्रामाणिकपणा आवडला.

फटफटी दारात आली तेव्हा उमाकाकू, म्हणजे काकांची बायको, पायरीवर कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. मी त्यांना मदत करत होते, म्हणजे कोथिंबीर खात होते.

"ही आपली?" काकूंनी विचारलं.

"आपली."

"आणि ती मागची?"

"ती श्यामकांतची. ड्रॉइंग ऑफिसातल्या. कारखान्यातले आम्ही सातजण घेतोय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मिळून जायचं."

"म्हणजे एकेकट्यानं पडायचं नाही, मिळून पडायचं."

"कुणी पडणार नाही. मी नियम करणार आहे."

काकूंनी एक काडी मोडली. "तुमचे नियम तुमच्यापाशी. माझा एकच. सात जाल तर सात या. ज्या दिवशी सात गेले आणि सहा आले, त्या दिवशी ही फटफटी या दारातून गेली पाहिजे. तुमच्या सांगण्यावरून माणसं जाणार, तर तुम्ही एवढं द्यायला हवं."

काकांना कुठलीही गोष्ट कागदावर उतरल्याशिवाय खरी वाटत नाही. त्यांनी ते लिहून काढलं, खाली सही केली, तारीख घातली. काकूंनी तो कागद स्वयंपाकघरात मसाल्याच्या फडताळाच्या दाराला आतून चिकटवला. तिखट काढायला गेलं की तो वाचावाच लागायचा.

आणि त्या फटफटीवर काकांचा जीव बसला. कारखान्यात ते बसलेले असतात आणि माणसं त्यांच्यापुढून जातात. फटफटीवर ते जात असतात आणि झाडं त्यांच्यापुढून जातात. चाळीस वर्षांच्या आयुष्यात हा पहिलाच बदल. रविवारी सकाळी ते तिला पुसायचे तेव्हा तोंडानं काहीतरी गुणगुणायचे. काय ते ओळखू यायचं नाही, पण आवाज भोंग्याच्या पट्टीतला असायचा.

काकांनी नऊ नियम केले आणि सातहीजणांच्या त्यावर सह्या घेतल्या. पहिला नियम, प्रत्येकानं स्वतःच्या जबाबदारीवर यायचं. दुसरा, प्रत्येकानं आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची आणि दर वळणावर मागे वळून बघायचं.

श्यामकांतनं सही करण्याआधी पेन्सिल कानामागून काढली. त्याला वाद घालायला पेन्सिल लागते. "काका, पहिल्या नियमानं मी माझ्या जबाबदारीवर. दुसऱ्या नियमानं मी पुढच्याच्या जबाबदारीवर. नक्की कुणाच्या?"

"दोघांच्या."

"म्हणजे कारखान्याच्या संडासातल्या दिव्यासारखं. दोन खाती मिळून बघतात, म्हणून तो बंद असतो."

"सही कर," काका म्हणाले.

तिसरा नियम, डोक्यावर काहीतरी घट्ट बांधलेलं हवं. काकांची सोला हॅट होती, तिचा पट्टा हनुवटीखाली इतका आवळलेला की बोलताना फक्त खालचा ओठ हलायचा. श्यामकांत केसांचा कोंबडा मोडेल म्हणून माकडटोपी खिशात बांधून आणायचा. जयदेव टॉवेल गुंडाळायचा. हा जयदेव बेलवलीचा, कारखान्यात फिटर. त्याच्या घरची भातशेती होती, पण त्याचा हात पान्यावर बसला. जयदेवला कुणाला नाही म्हणता येत नाही, आणि हो म्हणायला तो विचारण्याची वाट बघत नाही. तुम्ही हातात बादली घेतलीत की ती जयदेवच्या हातात जाते. तुम्हांला ती कुठं न्यायची होती हे तो नंतर विचारतो.

सहावा नियम मुद्दाम लक्षात ठेवावा. अपघात झाला तर कप्तान येईपर्यंत जखमीला कुणी हलवायचं नाही. कप्तान अर्थात काका. आणि सगळ्यांत शेवटी चालवणाऱ्यानं मागच्या बाजूला तांबडं फडकं लावायचं. त्याला सगळे शेपूट म्हणायचे.

आता सात गेले आणि सात आले हे ठरवायचं कसं? दुसऱ्या कुणी माणसं मोजली असती. काकांनी व्हरांड्यात फळी ठोकली. सात खिळे, सात पितळी बिल्ले. जाताना बिल्ले बिस्किटांच्या डब्यात, येताना प्रत्येकानं आपापला काढून अडकवायचा आणि घरी जेवायला जायचं. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या की फळी बघायच्या. सात. मग भात उतरवायच्या.

तीन वर्षं हे छान चाललं. म्हणजे टायर फुटले, साखळ्या तुटल्या, एकदा बदलापूरच्या पुढे एक म्हैस कुणाला न विचारता ओळीत शिरली आणि फर्लांगभर चौथ्या नंबरावर चालली. पण फळी दर वेळी भरली. भाद्रपदातल्या रविवारी श्यामकांतचा टायर बेलवलीला बसला आणि तो मागे राहिला, तेव्हासुद्धा बाराला फळीवर सात होते. श्यामकांत एक वाजता फटफटी ढकलत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. मी कुंपणावरून बघत होते. त्याला कुणी काही विचारलं नाही, कारण फळीच्या हिशेबानं तो तासापूर्वीच येऊन गेला होता. मीही विचारलं नाही.

मग कार्तिक उजाडला. भातं कापून झाली होती, रस्ते कोरडे होते आणि धूळ उडायला लागली होती. कोंडेश्वराला जायचं ठरलं. निघताना श्यामकांतनं पेन्सिल काढली.

"काका, एक विचारू? कप्तान कायम पुढेच का?"

"रस्ता दाखवायला."

"कोंडेश्वराला एकच रस्ता जातो. तुम्ही पुढून स्वच्छ हवा खाता आणि आम्हांला मागच्याची जबाबदारी शिकवता. मागच्याचं काय होतं ते मागे बसून बघावं की."

बाकीचे आपापल्या किका तपासायला लागले. काकांनी जयदेवच्या गाडीचं तांबडं फडकं सोडलं आणि आपल्या गाडीला बांधलं. "आज शेपूट मी. माझ्यापुढे श्यामकांत." मग आत बघून काकूंना म्हणाले, "कार्बोरेटरची सुई अडकतेय. आल्यावर तसाच होतचंदकडे जाईन. जेवायला थांबू नकोस."

हे शेवटचं वाक्य ते महिन्याआड म्हणायचे. त्या गाडीचं काहीतरी अडकायचंच. म्हणून ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि काकूंच्या नेमकं राहिलं.

जाताना काही झालं नाही. देवदर्शन झालं, पोह्यांचा डबा संपला, आणि अकराला सगळे परत निघाले. पुढे जयदेव, मग बाकीचे चार, मग श्यामकांत, मग काका. श्यामकांतला घाई होती. साडेबाराला कल्याणहून माणसं त्याला बघायला येणार होती, आणि त्याला आधी कोंबडा पाडायचा होता. शिरगावच्या अलीकडे एका नाल्यापाशी रस्ता वळतो. तिथून पुढच्या वळणावर श्यामकांतनं नियमाप्रमाणे मागे वळून बघितलं. मागे धूळ होती. धूळ आहे म्हणजे काका आहेत, असं धरून त्यानं गाडीचा कान पिळला आणि तो गेला. ती धूळ शेतातल्या आडवाटेनं भाताचा पेंढा नेणाऱ्या बैलगाड्यांची होती.

काका त्या वेळी नाल्यात होते.

ते कसे पडले हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, आणि त्यांच्या हे सांगण्यात जराही फरक पडत नाही, म्हणून खरं असणार. तीन वर्षं पुढे राहून त्यांच्या मानेला सवय लागली होती. वळण आलं की मागे वळून मागची माणसं मोजायची. त्या दिवशी नाल्याचं वळण आलं आणि त्यांनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं, कारण ते स्वतःच शेवटचे होते. पण मोजायला बसलेल्या माणसाला शून्य मोजायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. तेवढ्यात पुढचं चाक बैलगाडीच्या चाकोरीत शिरलं आणि काका, फटफटी, सोला हॅट आणि तांबडं फडकं असे सगळे एकदम नाल्यात उतरले. हॅटमुळे डोकं वाचलं. डावा पाय गाडीखाली आला. तो त्यांना हलवता येईना.

ते घाबरले नाहीत. त्यांनी घड्याळ बघितलं. अकरा वीस. बाराच्या आत बाकीचे पोचतील, एकेकजण बिल्ला अडकवील, सातवा खिळा रिकामा दिसेल, साडेबाराला ते परत इथं येतील. ही सगळी व्यवस्था त्यांनीच केलेली होती. ते उशाला हॅट घेऊन पडून राहिले.

सव्वा वाजता शिरगावचा बुधाजी पेंढ्याची गाडी घेऊन नाल्यापाशी आला. वर पेंढ्यावर त्याची बायको सखू बसली होती. पुढचं सगळं बुधाजीनं काकांच्या पायरीवर बसून सांगितलं, आणि काका पलंगावरून त्याच्या वेळा दुरुस्त करत होते.

"काय जालं, बाबा?" बुधाजीनं विचारलं.

"अपघात."

"पाय गारीखाली हाय तुमचा."

"माहीत आहे. माझी माणसं येताहेत."

"कवा?"

"साडेबाराला."

बुधाजीनं सूर्याकडे बघितलं. "साडेबारा तं जालं."

"उशीर झाला असेल," काका म्हणाले. दुसऱ्याच्या उशिराबद्दल इतक्या मऊपणानं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील.

"मंग उचलू का गारी?"

"नको. नियम आहे. कप्तान येईपर्यंत जखमीला हलवायचं नाही."

"आनि कप्तान कुठं हाय?"

"मीच."

बुधाजी म्हणतो, "मी बैलांकरं बगितलं. बैलांनी माझ्याकरं बगितलं. आमाला तिगांनाबी काय कललं नाय."

सखूला कळलं. ती पेंढ्यावरूनच म्हणाली, "इचारत काय बसलास त्याला? कप्तान येयाला पायजे ना? त्यो काय खाली परलाय, आलेला हाय. चल, उचल."

काकांच्या सगळ्या नियमांचा इतका झटपट निकाल आजवर कुणी लावला नव्हता. गाडीखाली बांबू घालून दोघांनी ती उचकटली. काकांना पेंढ्यावर ठेवताना ते म्हणाले, "माझ्या जबाबदारीवर उचला हं."

"तं काय आमच्या?" सखू म्हणाली.

इकडे घरी काय झालं होतं ते मी सांगते, कारण मी तिथं नारळ खवत होते. बाराला पाच मिनिटं असताना फटफट्यांचा आवाज आला आणि थांबला. फळीवर बिल्ले वाजले. फटफट्या पुन्हा सुरू होऊन पांगल्या. काकू जरा वेळानं हात पुसत बाहेर गेल्या. दारात कुणी नव्हतं. फळीवर सात होते. "गेले वाटतं होतचंदकडे," त्या म्हणाल्या आणि काकांचं ताट झाकून ठेवलं. आम्ही जेवलो. मी दोनदा भात घेतला.

तीन वाजता सायकलवरून होतचंद आला, हातात कागदात गुंडाळलेली सुई.

"भाभी, साब किधर है? सुबह आदमी भेजा, बोला दोपहर को आता हूँ. मैं बैठा बैठा सूख गया."

"ते तुमच्याकडेच आलेत ना?" काकू म्हणाल्या.

"मेरे पास? कौन बोला?"

काकूंनी फळीकडे बोट केलं. "हा बघा बिल्ला. आले, अडकवला, आणि तुमच्याकडे गेले."

होतचंदनं फळीजवळ जाऊन बिल्ला निरखला. मग अंगण बघितलं. मग पुन्हा बिल्ला. "भाभी," तो हळू आवाजात म्हणाला, "गाड़ी तो है नहीं. इस पे बैठ के आया क्या?"

काकू माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "जयदेवला बोलाव." तो त्याच्या मामाकडे, आमच्यापासून चार घरांवर, झोपला होता. धावत आला. काकूंनी त्याला काही विचारायच्या आधीच त्यानं फळी बघितली आणि तो पायरीवर बसला.

"काकू, तो मी अडकवला."

"का?"

"डब्यात एकच राहिला होता. श्यामकांत बोलला, येतायत मागून, धूळ दिसली. म्हटलं, टाइमकीपरचाच खिळा रिकामा, बरं नाही दिसत."

पुढच्या वीस मिनिटांत सहाच्या सहा फटफट्या पेटल्या. श्यामकांत तर बघायला आलेल्या माणसांना चहावर सोडून आला, कोट, टाय, कोंबडा आणि सगळं. धूळ उडवत ते बदलापूरच्या दिशेनं गेले.

बदलापूरपाशी त्यांना समोरून पेंढ्याची एक गाडी आली. जयदेवनं हॉर्न दिला. बुधाजीनं बैल कडेला घेतले. पेंढ्यावर आडवे पडलेल्या काकांनी मान उचलली आणि मोजलं. एक, दोन, तीन, चार, कोट घातलेला पाचवा, सहा. त्यांनी हाकही मारली. पण सहा इंजिनांपुढे एका टाइमकीपरचा आवाज किती पुरणार? त्यापुढे वळण होतं. वळणावर एकानंही मागे वळून बघितलं नाही.

"ही तुमचीच मान्सं का?" सखूनं विचारलं.

"हो."

"कुठं चालली?"

"मला आणायला," काका म्हणाले.

काका साडेपाचला घरी पोचले. त्यांना आणायला गेलेले नाल्यात उतरून, रिकाम्या फटफटीभोवती हाका मारून, नाला पार कोरडा होईपर्यंत तुडवून, दिवे लागायच्या वेळी परतले. काकूंनी तोवर दोनच गोष्टी केल्या होत्या. डॉक्टरांना बोलावलं होतं आणि बुधाजी-सखूला पोटभर जेवू घातलं होतं, काकांच्या झाकलेल्या ताटासकट. फळीबद्दल, कागदाबद्दल चकार शब्द नाही. पण त्या रात्री त्यांनी तिखटाचा डबा काढला आणि फडताळाचं दार उघडं ठेवलं.

पाय मोडला होता, नडगीपाशी. प्लास्टर घातलं. फटफटी होतचंदनं आणून, धुऊन, दारात उभी केली. काका खिडकीतून तिच्याकडे बघायचे आणि मग फडताळाकडे बघायचे नाहीत.

पुढच्या रविवारी काकांनी व्हरांड्यात पलंग टाकून घेतला आणि चौकशी भरवली. सगळे सहा बाकावर. काकू दारात चहाचा ट्रे घेऊन. मी कपाटाशी, सगळ्यांचे आवाज नीट ऐकू येतील अशी.

"श्यामकांत," काका म्हणाले, "वळणावर मागे बघितलंस?"

"बघितलं. नियम पाळला."

"काय दिसलं?"

"धूळ. नियमात बघायचं म्हटलंय. काय दिसलं पाहिजे ते म्हटलेलं नाही."

"जयदेव, बिल्ला का अडकवलास?"

जयदेव टॉवेलशी चाळा करत राहिला. बोलला नाही. हे मला विचित्र वाटलं, कारण जयदेवला कधी लपवता येत नाही.

श्यामकांतनं पेन्सिल काढली. "काका, उगाच कशाला वाढवायचं. सात गेले, बाराला फळीवर सात होते. कागदावर काय लिहिलंय? सात गेले आणि सहा आले तर. आता फळीच्या हिशेबानं तुम्ही आला होता. बारा वाजता. काकूंनी स्वतः मोजलं. काकूंची अट मोडली कुठं? फटफटी राहते."

बाक एकदम सैल झाला. कुणीतरी हसलंही. मुद्दा बिनतोड होता. मी काकांकडे बघितलं. ते फटफटीकडे बघत होते, तिच्या धुतलेल्या टाकीवर ऊन पडलं होतं. एक शब्द बोलायचा होता फक्त. शब्दही नाही, नुसती मान हलवायची होती.

"जयदेव," ते म्हणाले, "तू बोलत नाहीस, तर मी बोलतो. भाद्रपदात श्यामकांत बेलवलीला राहिला, त्या दिवशी त्याचा बिल्ला कुणी अडकवला?"

जयदेव जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, असू दे ना."

"मी अडकवला," काका म्हणाले. "ही आत स्वयंपाकघरात होती. खिळा रिकामा दिसला असता तर फटफटी गेली असती. म्हटलं, येतोच आहे मागून. याच्या समोर अडकवला. अकरा वर्षं मी दुसऱ्यांचे पकडतोय आणि पहिला खोटा बिल्ला याला मी शिकवला. त्यानं फक्त माझं बघून केलं."

श्यामकांतनं पेन्सिल परत कानामागे ठेवली.

काका दाराकडे वळले. "अट भाद्रपदातच मोडली. फटफटी जाईल."

मला वाटलं होतं काकू आता बोलतील, आणि असं बोलतील की मला वर्षभर पुरेल. त्यांनी ट्रे बाकावर ठेवला. "मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "मागच्या खिडकीतून मी श्यामकांतला बघितलं. चिखलातून ढकलत होता. एक वाजता."

"मग बोलली का नाहीस?"

"फळी भरलेली होती. टाइमकीपरच्या घरात फळीला खोटं कोण म्हणणार? आणि तुम्ही गुणगुणत होतात." त्यांनी काकांच्या हातात कप दिला. "तेव्हाच घालवली असती तर पाय शाबूत राहिला असता. आता जाऊ दे तिला."

सोमवारी होतचंद आला. त्यानं गाडीवर हात फिरवला आणि काकांची समजूत घातली. "साईं, दुख मत करो. इस का एक चक्का अब भी आप के जयदेव की गाड़ी में है. आधी गाड़ी तो घर में ही है." काकांना हे ऐकून बरं वाटलं की वाईट, ते सांगता यायचं नाही. त्यांनी फक्त किती वाजले ते सांगितलं.

फळी काकूंनी उतरवली. खिळ्यांना आता झारा, उलथणं आणि किसणी असतात, आणि ती तिन्ही खरोखरच हजर असतात.

पण बाकीचे सहाजण जातातच. पौषातल्या पहिल्या रविवारी ते मुळगावच्या खंडोबाला निघाले तेव्हा काकू म्हणाल्या, आता मोजायचं मी बघते. युक्ती सोपी होती. परत आल्यावर प्रत्येकानं आत येऊन चहा घ्यायचा. सहा कप मांडायचे. कप उष्टा झाला की माणूस आला. बिल्ला दुसऱ्याचा अडकवता येतो, चहा दुसऱ्याचा कोण पिणार?

साडेअकराला फटफट्या आल्या. आत गडबड झाली, कप वाजले, कारखान्यातल्या कुणाच्या तरी बढतीवरून हशा झाला. काकूंनी ट्रे बघितला. सहा कप, सहाही रिकामे. "झालं," त्या म्हणाल्या.

काका कुबडी घेऊन पायरीवर बसले होते. ते ट्रेकडे वळलेसुद्धा नाहीत. दारातल्या फटफट्या त्यांनी बोटानं मोजल्या, मग बाकावरची तोंडं. मग हाक मारली.

"जयदेव. किती कप प्यायलास?"

जयदेवनं टॉवेल डोक्यावरून काढला. "दोन, साहेब. श्यामकांत मागं राहिला होता. चहा थंड झाला असता."

कुणी हसलं नाही. काकू पदर तोंडाशी धरून आत गेल्या, त्या हसत होत्या की नाही ते मला दिसलं नाही. काकांनी जयदेवला कुबडीनं फाटकाकडे खूण केली.

"गाडी काढ," ते म्हणाले. "जा आणि त्याला बघ. धूळ नको बघूस. त्याला बघ."

जयदेव गेला. काका कुबडी टेकत अंगणातून फाटकाशी आले आणि रस्त्याच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिले. मी स्टूल घेऊन गेले. बसा म्हटलं, तर म्हणाले, बसल्यावर वळणापलीकडचं दिसत नाही. वीस मिनिटांनी वळणावर दोन फटफट्या दिसल्या, पुढे जयदेव, मागे श्यामकांत, माकडटोपी चक्क डोक्यावर. जयदेव दर दहा पावलांवर मान मागे वळवत होता, आणि त्याची गाडी तेवढीच दर दहा पावलांवर गटाराकडे जात होती.

"पुढे बघ रे," काका फाटकातून ओरडले. मग जरा थांबून, "आणि मागेही."